बापूंच्या मिलचा सौदा

नानाखेडा, उज्जैन

प्रिय यशोधन,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण आज ते मनातून आलेलं नाही.

परवा टावर चौकात तुझा नवा बोर्ड पाहिला. 'मालवा का सबसे बड़ा पोहा परिवार.' चार वर्षांत पोह्यांच्या पाच मिली विकत घेतल्यास, आणि त्याला परिवार म्हणतोस? त्या बोर्डाखालीच मंगला भेटली. एकवीस वर्षं बापूंच्या मिलमध्ये पोहे चाळायची, आता एका लॉजच्या चादरी धुते. भांडली नाही ती. "दीदी, आपने तो कहा था किसी को नहीं निकालेंगे," एवढंच म्हणाली आणि ऑटोत बसून गेली.

बापूंकडे तू मला का नेलंस, ते तुला चांगलं ठाऊक आहे. दोनदा त्यांनी तुला चहा पाजून परत पाठवलं होतं. गुडघे गेलेले, दोन्ही मुली लग्न होऊन लांब, तरी त्यांना मिल विकायची नव्हती. तिथल्या चाळीस माणसांचं काय होईल, हीच काळजी. त्या मुलींना मी गणित शिकवलेलं, त्या घरात माझ्या शब्दाला मान. गाडीत तू मला सांगितलंस की एकही माणूस कमी होणार नाही, आणि मी ते जसंच्या तसं बापूंना सांगितलं, मिलमधल्या बायकांनाही. बापूंनी चष्मा पुसला. म्हणाले, "मधुरा, तू म्हणतेस म्हणून सही करतो."

तीन महिन्यांत तू भट्टी विझवलीस. मशिनं उचलून तुझ्या मोठ्या मिलमध्ये नेलीस. पोत्यांवर बापूंचं नाव मात्र ठेवलंस, कारण ते नाव खपतं. मी फोन केला तर म्हणालास, ताई, धंदा असाच वाढतो, तुला नाही कळायचं. न कळायला काय झालं? तुला त्यांची मिल नकोच होती. त्यांचं नाव हवं होतं आणि त्यांची गिऱ्हाइकं. बापू आता फिरायला जाताना मिलचा रस्ता टाळतात. माझ्याशी मात्र अजून पूर्वीसारखंच मायेनं बोलतात, आणि तेच मला सहन होत नाही.

काल तुझ्या ऑफिसातला अभिजीत तुझा निरोप घेऊन आला. नवरा प्रसाद वारल्यापासून नंदावहिनींनी एकटीनं चालवलेला मसाल्याचा कारखाना तुला आता घ्यायचाय, म्हणून रविवारी मी तुझ्याबरोबर तिकडे यावं. तर ऐक. आज सकाळी मी एकटीच जाऊन आले. बापूंचं काय झालं ते सगळं सांगितलं. त्या तुला विकणार नाहीत. पण निघताना त्यांनी विचारलं, "मग बापूंची मिल बंद केली तेव्हा तू गप्प का बसलीस?" खरं कारण तुला सांगते. तुझा मोठेपणा मीही चारचौघांत मिरवत होते, यशोधन. म्हणून गप्प बसले. उद्या मी आधी मंगलाकडे आणि मग बापूंकडे माफी मागायला जाणार आहे. तुला यायचं असेल तर ये. पण या वेळी बोलायचं तू.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
मधुराताई