तुझा हुकूमशहा फार हुशार आहे

प्रिय वद्दाह,

'प्रिय' लिहिलं, कारण पत्र दुसऱ्या कशाने सुरू करायचं ते शाळेत कुणी शिकवलं नाही. त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस. नसलेले अर्थ काढायची तुझी खोड जुनीच आहे, आणि तिला आता तिकडे ल्यॉनमध्ये बक्षिसं मिळतात म्हणे.

तुझी कादंबरी आपल्या सलमियात पोचली. औषधवाल्या झुहैरने बैरूतहून प्रती मागवल्या. 'तो' सत्ता टाकून देशाबाहेर पळून गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. वीज नाही, शेगडीत घालायला डिझेल नाही, पण तुझं पुस्तक घरोघरी आहे. उघड्यावर पुस्तक वाचायचं अप्रूप अजून संपलेलं नाही, त्यामुळे लोक ते भाजीच्या पिशवीत ठेवून मिरवतात. मीही वाचलं. एका बैठकीत वाचलं आणि भिंतीवर फेकून मारलं.

काय रे तो तुझा कादंबरीतला महानियंता! काचेच्या मनोऱ्यात राहतो, झोपत नाही, माणसं झोपेत काय बरळतात तेही त्याला ऐकू येतं. बोलतो तर पानपानभर, एखाद्या तत्त्वज्ञासारखा. वद्दाह, तू कुठल्या देशात वाढलास? आपल्याकडे सत्ता म्हणजे गुप्त पोलिसांतला अबू सख्र. पोट सुटलेला, तोंडाला लसणाचा वास येणारा, दर गुरुवारी बाबांच्या दुकानात फुकट दाढी करून घेणारा आणि जाताना केसांच्या तेलाची बाटलीही उचलून नेणारा. आणि खुद्द 'त्या'ची, खऱ्या हुकूमशहाची, तसबीर दुकानातल्या आरशाच्या वर होती. दाढीसाठी डोकं मागे टाकलं की गिऱ्हाइकाला त्याच्या नाकपुड्या तेवढ्या दिसत. आपण दोघं त्यावर किती हसायचो! तुला त्या नाकपुड्या एकदाही आठवल्या नाहीत? तू त्याला अक्कल दिलीस, वद्दाह. त्याच्याकडे नव्हती ती एकच गोष्ट तू त्याला फुकट देऊन टाकलीस. आता तो जिथे कुठे लपला असेल तिथे तुझं पुस्तक वाचून खूश होत असेल.

आणि तो इतका हुशार का हवा होता तेही मला ठाऊक आहे. समोरचा सर्वज्ञ असला की आपल्या भेकडपणाला कुणी नावं ठेवत नाही. हमा रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर काय घडलं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. बसमध्ये माझ्या भावाच्या शेजारी तू बसला होतास. वारा सुटला, शिपायाची टोपी उडून चिखलात पडली आणि गियास हसला. बस्स. कुणी चुगली केली नव्हती, कुणी नाव दिलं नव्हतं. एका खुळ्याची टोपी उडाली आणि माझा भाऊ हसला, म्हणून त्याला खाली उतरवलं. तो परत आला नाही. तूच घरी येऊन हे सांगितलंस, आमच्या ओसरीत, रडत रडत. मग कादंबरीत हे का नाही? उडालेल्या टोपीला बक्षीस मिळत नाही म्हणून?

तिथे तू काय घातलंस? एक म्हातारा घड्याळजी, जो स्वतःच्याच मुलाला महानियंत्याच्या हवाली करतो. न्हाव्याचा घड्याळजी केला की झालं, कुणी ओळखणार नाही, असं तुला वाटलं असणार. पण मत्तेचा कडू चहा पिताना दरवेळी नळीवर लिंबाची साल दोनदा फिरवून ती खिशात कोण टाकतं? अख्ख्या सलमियात एकच माणूस. पाव आणायला रांगेत उभी होते, तर उम्म लुई मागे कुजबुजत होती, "घड्याळजी म्हणे! अगं, हुबेहूब आपला न्हावी, गियासचा बाप अबू गियास! स्वतःच्या पोराला खाल्लं, आणि आम्ही इतकी वर्षं त्याच्या हातचं मत्ते पीत बसलो." मी वळून म्हटलं, "मोठ्यानं बोला ना काकू, आता बंदी नाही." तर म्हणते कशी, "आम्ही कुठे बोलतोय बाई, छापून आलंय."

गंमत बघ. इथे सरकारी पेपरात छापलेल्या एका अक्षरावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, आणि कादंबरीवर सगळ्यांचा विश्वास. इतकी वर्षं माणसं खरं काय ते गोष्टींमध्येच हुडकत आली, म्हणून आता गोष्ट दिसली की तिच्यात आरोपी हुडकतात. दुकानात कुणी येत नाही. आले तरी बाबांनी पुढे केलेला पेला कुणी घेत नाही. "पोट बरं नाही, काका," म्हणतात आणि उभ्या उभ्या निघून जातात. ज्या गावात पाहुण्याने मत्ते नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं, त्या गावात हे चाललंय. झुहैर तेवढा येतो, पेला घेतो, आणि आजूबाजूला बघून घाईघाईने रिकामा करतो.

अबू सख्र आणि त्याची माणसं तुझ्या शोधात आली तेव्हा तू कुठे होतास, हे उम्म लुईला सांगू का? दुकानाच्या वरच्या माळ्यावर, टॉवेलांच्या गठ्ठ्यामागे. खाली खुर्चीत अबू सख्र मान वर करून बसलेला, बाबांचा वस्तरा त्याच्या गळ्यावर. "म्हाताऱ्या, तो लेखकडा कुठे आहे?" आणि बाबा म्हणाले, "हलू नका साहेब, कापेल." वरून तू ते ऐकलंस. पुढे बाबांनी तुला सीमेपलीकडे लेबनॉनमध्ये पोचवलं आणि मग अबू सख्रने त्यांनाच उचलून नेलं. परत आले तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ते डाव्या हाताने दाढी करायला शिकले. तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. तो हात तुझ्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे? मी शोधला, नाही सापडला.

आता तू येतोयस, असं सांस्कृतिक केंद्राच्या दारावर लिहिलंय. सत्कार आहे, भाषण आहे, विषय 'भीतीची वर्षं'. माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितलीस, असंही झुहैर म्हणाला. ती दुसऱ्या कुणाला दे. मला तुझा इतका संताप येतो की समोर आलास तर काय करीन सांगता येत नाही. तुझ्याशी लग्न झालं नाही, याचं पूर्वी वाईट वाटायचं. आता मिठाई वाटावीशी वाटते.

तरीही लिहितेय, ते गावासाठी नाही. गाव आज बोलेल, उद्या विसरेल. बाबांना मागच्या वर्षी झटका आला, हे तुला माहीत नसेल. डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. "आमच्या वद्दाहनं लिहिलंय," म्हणून त्यांनी रोज दुपारी मला पुस्तक वाचून दाखवायला लावलं. घड्याळजी आला तेव्हा खळखळून हसले, "अगं, हा मीच की!" मुलाचं प्रकरण मी गाळायला निघाले, तर म्हणाले, "पानं उलटू नकोस, वाच." मी वाचलं. गेल्या शुक्रवारी भात भरवताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "नुवार, मी त्यांना गियासचं नाव का सांगितलं गं?" तसं काही घडलंच नाही, हे मी सांगून सांगून थकले. म्हणतात, तू लेक आहेस, बापाचं मन राखतेस. वद्दाह शिकलेला पोरगा आहे, तो खोटं कशाला लिहील? अबू सख्रने इतकं मारूनही त्यांच्याकडून जे वदवता आलं नाही, ते तू घरबसल्या वदवून घेतलंस. म्हणून ये. केंद्रात जाण्याआधी इकडे ये, त्यांच्यासमोर बस आणि सांग, "काका, मी हे रचलं. तुम्ही कुणाचंही नाव घेतलं नाहीत." माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील. आणि लवकर ये, वद्दाह, कारण कालपासून ते मला विचारतही नाहीत. नुसते दाराकडे बघतात आणि गियासची माफी मागतात.

एके काळी तुझीच असलेली,
नुवार