आईचा फोटो राहिला

रविवार, उइटहॉर्न

थायलंडहून इकडे घरी आल्यापासून एकच गोष्ट टोचतेय. पडक्या राजवाड्यात, जंगलात, सगळीकडे आईचे फोटो आहेत. पण अयुथयाला झाडाच्या मुळांमध्ये बुद्धाच्या मूर्तीचं डोकं आहे ना, तिथला एकही नाहीये. आपलं डोकं त्याच्याहून वर नको, म्हणून सगळे जमिनीवर बसून फोटो काढतात. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. ती लांबूनच हात जोडून उभी राहिली. अख्खी ट्रिप तिच्यासाठी प्लॅन केली, आणि हेच कसं सुचलं नाही मला?

आज नागपूरला फोन करून तिला सॉरी म्हटलं.

"अगं, मी मन भरेपर्यंत बघितलं. तू सांग, त्याचे डोळे उघडे होते का मिटलेले?"

"थांब," म्हणत मी लॅपटॉपवर माझा तिथला फोटो शोधायला लागले.

"फोटोत नको बघू," आई म्हणाली.

मला खरंच आठवत नव्हतं.