दोघांची एक पाटी

यास्तार्निया, ९ नोव्हेंबर

बोग्नाबाई, नमस्कार.

उद्याच्या सभेत क्लब तुमचा पाण्यात उतरण्याचा परवाना काढून घेणार आहे, म्हणून लिहिते. एरवी लिहिलं नसतं.

अगुस्तिन बरा आहे. डावा पाय ओढतो, पण हेरिंग मासा दोनदा मागून खातो. त्या दिवशीचं मात्र त्याला काहीच आठवत नाही.

काल क्लबाचे चिटणीस ल्युत्सियान कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसले. "वहिनी, इथे सही करा. सत्तर मीटर खोल बुडालेलं जहाज पाहून वर येताना दोरी धरून थांबावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. त्या बाईला धीर नव्हता. तिनेच ओढलं ह्याला वर."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, तोच ऐकेना, पाण्याखाली लिहायच्या पाटीवर सगळं लिहिलंय. आणि पाटी तर कोरी!"

मी त्यांच्या कपात चहा ओतला.

पाटी मी पुसली. बारा वर्षं प्रत्येक बुडीनंतर मीच ती भांड्यांच्या पावडरीने घासत आले. वाचत कधी नव्हते. त्या दिवशी इस्पितळातून त्याची पिशवी आणली आणि वाचली. माझ्याशी एकतीस वर्षं "हं"पलीकडे न जाणारा माणूस चार अंशांच्या पाण्यात लोंबकळत गप्पा मारत होता! पाटी एक, पेन्सिल एक, अक्षरं दोघांची.

त्याचं: "गारठलो. मटाराचं सूप हवं."
तुमचं: "घरी जा, ब्रिगिडा देईल."
त्याचं: "तुझं हवं. तिचं खारट."
तुमचं: "गप. अजून चाळीस मिनिटं."
त्याचं: "मी चाललो वर."
तुमचं, पाटीभर: "नाही! थांब!"

मला फक्त तिसरी ओळ दिसली. बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, रक्तातले बुडबुडे मला समजतात. काय पुसते आहे ते मला कळत होतं. तरी तीन आठवडे गप्प बसले. तुमच्याबद्दल लोक बोलत होते ते ऐकून बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

माफी मागत नाही. तुम्ही त्याला थांबवत होतात, एवढं खरं आहे आणि ते उद्या वाचलं जाईल.

ल्युत्सियान यांच्याकडे आज सकाळी दिलं: पाटी एक, कोरी. तिच्यावरच्या सहाही ओळी, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. सुपाची ओळ गाळलेली नाही.

तुमच्याकडे, या पत्रासोबत: थर्मास एक, तुमचा, त्याच्या पिशवीत सापडलेला, धुतलेला. आतलं मटाराचं सूप त्याच दिवशी ओतून दिलं. आधी चमचाभर चाखलं. मीठ बरोबर होतं.

ब्रिगिडा