जांभळी कड

सर,

शेवटी मी दुर्बीण घेतली. साठी उलटल्यावर घेतली, म्हणजे वरातीमागून घोडं. मी तुम्हाला आठवत असेन की नाही कोण जाणे. गिरीजच्या वाडीतून शाळेत यायची, सातवीत दुसऱ्या बाकावर बसायची आणि तुमच्या विज्ञानाच्या तासाला सगळ्यात जास्त बडबडायची, ती मी. पुढे मी शिवणकाम शिकले. लग्नानंतर विरारला एका इमारतीच्या तळमजल्यावर दुकान थाटलं आणि चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले. रंग जुळवण्यात माझा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. बाई साडी पुढ्यात टाकायची, मी एकदा बघून पेटीतलं रीळ उचलायची, आणि ते बरोबर निघायचं. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

तुमच्या दुर्बिणीची ती संध्याकाळ मी कितीदा आठवली असेल. अष्टमीचा चंद्र होता आणि सूर्य नुकताच मावळला होता. शाळेच्या मैदानाच्या टोकाला, जिथे केळीची वाडी सुरू व्हायची, तिथे तुम्ही एका स्टुलाला सुतळीने दुर्बीण बांधली होती. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली ती दुर्बीण तुम्ही धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचात. आम्ही रांगेने बघितलं आणि खाली बसून वहीत चंद्र काढला. मी त्याच्या गोल बाजूला जांभळी कड काढली, कारण ती होती. तुम्ही माझी वही उचलता, अगदी नाकाशी धरता आणि म्हणता, "दिसतं ते काढायचं. मनातलं नाही." मी म्हणते, सर, दिसतंय. तुम्ही रागावत नाही. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा दुर्बिणीपाशी जाता. आधी एक डोळा लावता, मग दुसरा. बराच वेळ बघता. मग माझ्याकडे वळून म्हणता, "नाही गं बाळा. तिथे काही नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवीन खोडरबर दिलंत, वासाचं. तुम्ही ते मायेनेच दिलंत, पण वर्ग हसला. मी घरी जाऊन ती कड खोडली. तेलकट खडू खोडून जातो थोडाच, तो पसरला आणि माझा चंद्र मळका झाला. तुमच्यावर मी तेव्हापासून जी रुसले ती रुसलेच. तुमचं सगळं आवडायचं, पण तेवढं एक मनात सलत राहिलं, की सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

आता दुकान सून बघते, मी फक्त फॉल जुळवून लावून देते. माझा नवरा अर्नाळ्याचा, उभा जन्म होडीवर गेलेला. उन्हातल्या पाण्याकडे बघून बघून त्याला मोतीबिंदू झाला आणि गेल्या वर्षी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. लग्न झाल्यापासून तुझी दुर्बीण ऐकतोय, एकदाची घेऊन टाक नि मला सोडव, असं तोच म्हणाला. वसईला एक गृहस्थ घरूनच दुर्बिणी विकतात असं कळलं, तर दिवाळीनंतरच्या अष्टमीला आम्ही दोघं त्यांच्या गच्चीवर हजर. त्यांनी दोन दुर्बिणी मांडून ठेवल्या होत्या, दोन्ही भिंगाच्या, दोन्हींचं तोंड चहाच्या पेल्याएवढंच. एक स्वस्तातली, हलकी, फोकसचं चाक प्लास्टिकचं. तिला नुसतं बोट लावलं तरी चंद्र दोरीवरच्या परकरासारखा हलायचा. दुसरी महाग, वजनदार, आणि तिचं चाक नुकतंच तेल घातलेल्या शिलाई मशीनसारखं फिरायचं. मी त्यांना विचारलं, तोंड सारखं तर किमतीत एवढा फरक का? ते म्हणाले, स्वस्त भिंगातून सगळे रंग एका जागी येऊन मिळत नाहीत. जांभळा मागे राहतो आणि चंद्राच्या कडेला सांडतो. महागडीत खास काच असते, ती त्यालाही जागेवर आणते.

सर, माझ्या हातातली पिशवीच खाली पडली. म्हणजे ती कड होती! मी धावत जाऊन स्वस्त दुर्बिणीला डोळा लावला. चंद्र पांढरा स्वच्छ, कडेला काही नाही. महागडीला लावला, तिथेही तसंच. पुन्हा स्वस्तपाशी आले. काही नाही. मग माझं डोकं फिरलं. मी त्या भल्या माणसाला चांगलंच सुनावलं, की माल एकच, नुसते डबे वेगळे, आणि मला रंग शिकवू नका. माझ्या नवऱ्याने वाकून स्वस्त दुर्बिणीतून बघितलं. एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि हसायला लागला.

"हाय की जांभला. ऑपरेशनच्या डोल्याला हाय, दुसऱ्याला नाय." मग चंद्र सोडून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुजे डोले पिकले गो."

विक्रेत्याने हळूच समजावलं, की वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, आणि पिवळ्या भिंगातून जांभळा सगळ्यात आधी नाहीसा होतो. मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. महिन्यापूर्वी एक बाई साडी परत घेऊन आली होती, जांभळ्या साडीला तपकिरी फॉल लावलात म्हणून, आणि मी तिला तुमच्याच सुरात सांगितलं होतं, की नीट बघायला शिका. तिची माफी मागायला जावं लागणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी गेलेही. पण तेव्हा कट्ट्यावर मला डोळ्यांपुढे तुम्हीच दिसत होतात, कपाळावर चष्मा चढवून आधी एक डोळा लावणारे, मग दुसरा. तुम्हाला दिसतच नव्हतं. पोरीवर अविश्वास दाखवायचा असता तर तुम्ही पुन्हा उठून बघायला गेला नसता. चंद्राला जांभळी कड नसते हे तुमचं खरं होतं, मला ती दिसत होती हे माझं खरं होतं, आणि ती होती त्या दुर्बिणीच्या काचेत. उगाच इतकी वर्षं रुसून बसले होते मी. मला तिथेच हसू फुटलं.

पंधरा दिवसांत एका डोळ्याचं ऑपरेशन उरकलं. काय सांगू सर, घराच्या भिंती आम्ही पिवळ्या रंगवल्यात असं मी धरून चालले होते, त्या पांढऱ्या निघाल्या. दुकानात जाऊन दोऱ्याची पेटी उघडली तर एका जांभळ्याच्या किती जाती! सून म्हणाली, आई, रिळांकडे बघून कोणी रडतं का. पुढच्या अष्टमीला आम्ही पुन्हा त्या गच्चीवर गेलो. मी स्वस्त दुर्बिणीला नवा डोळा लावला, आणि चंद्राच्या गोल बाजूला, गॅसच्या ज्योतीला असते तशी बारीक, जांभळी कड. मी इतकी मोठ्याने हसले की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. महागडीतून बघितलं तर कड गायब आणि खड्डे सुईने कोरल्यासारखे रेखीव. चांगलं ते चांगलंच, जन्मभर कापड हाताळलंय, मला कळतं. विक्रेता महागडी बांधायला निघालाच होता. नवऱ्याचंही तेच म्हणणं, "फाटकं जालं घेऊन दर्यात कोन जातो?" मी म्हटलं, ती नको, स्वस्तातली द्या. लोक ही कड घालवायला पैसे मोजतात आणि तुम्ही ती मागून नेताय, असं म्हणून त्या माणसाने डोक्याला हात लावला.

एक मात्र बोचतं. तुम्ही त्यानंतर दोनेक वर्षांत निवृत्त झालात. पुढे पुढे भिंत चाचपत चालायचात असं कानावर आलं होतं, मग तुम्ही गेल्याचंच आलं. एरवी चुरूचुरू बोलणारी मी त्या संध्याकाळी आणखी थोडी भांडले असते, बाकीच्या मुलांनाही बघायला लावलं असतं, तर कदाचित कोणी तुमचे डोळे तपासायला सांगितलं असतं. पण बारा वर्षांची पोर सरांना असं काय सांगणार?

आत्ता नवरा विचारतोय, एवढं काय लिहितेयस. मी म्हटलं, दुर्बिणीच्या वॉरंटीचा फॉर्म भरतेय. हे कागद शिवणाच्या मापांच्या वहीत जातील, तिथे कोणी बघत नाही. खोटं मी आणखीही एक बोललेय. महागडी जड आहे, गच्चीवर कोण चढवणार, म्हणून हलकी घेतली, असं मी घरात सगळ्यांना सांगितलंय आणि सगळ्यांना ते पटलंय. खरं एवढंच आहे, की मला तुमच्यासारखीच दुर्बीण हवी होती. तुम्ही जिथे आलटून पालटून डोळे लावून माझी कड शोधत होतात, तिथे चांगला डोळा लावून मला एकदा तुमच्या वतीने म्हणायचं होतं, हो बाळा, आहे.