वर्गातला बर्फाचा टब

मिस्टर लिंडग्रेन,

बर्फाचा टब वर्गातून हलवा, असं तुम्ही मुख्याध्यापक म्हणून बजावलंत. मी हलवणार नाही.

माझ्या बालवर्गातली ब्रिटा चिडली की खुर्च्या फेकते. तुमच्या सांगण्यावरून तिला कोपऱ्यात गप्प बसवलं, तर तिनं स्वतःचाच हात चावला. आता ती चिडली की मी तिला पुस्तकांनी भरलेली गाडी ढकलायला लावते, मग आम्ही दोघी अंगणातून टबात भरून आणलेला बर्फ थापतो. काल ती आपणहून म्हणाली, "बाई, पोटात राग आलाय. गाडी द्या ना."

"हे नुसते लाड आहेत!" तुम्ही म्हणालात. मीही आवाज चढवला. तुम्ही लालबुंद होऊन बाहेर गेलात आणि आपल्या बर्फाळ डुलुथ गावातली सगळी माणसं भांडण झालं की करतात तेच केलंत. फावडं उचललंत. शाळेच्या पायऱ्या सकाळीच साफ झाल्या होत्या, म्हणून हिरवळीवरचा बर्फ उपसत बसलात! परत आलात तेव्हा आवाज खाली आला होता.

ब्रिटा खिडकीतून बघत होती. म्हणाली, "सरांना आता बरं वाटतंय."

हे पत्र पाठवत नाही. टब मात्र तिथेच राहील. पुढच्या वेळी चिडलात तर वर्गात या. ब्रिटा सरकून जागा देईल.

तुमचं न ऐकणारी,
कोरिन