हात वर कर

गारखेडा, औरंगाबाद
१२ एप्रिल २०१६

चि. पुंजाराम,

नाय, मला काही लागलं-बिगलं नाय. पाठ जरा धरली, वाकून वाकून धरतीच. तू इचारलं नाय, माहीत हाय मला. तू तर नातीच्या जावळाला कवा येतीस एवढंच लिवलं. पण उद्या कुणी काही सांगत आलं तर आधीच सांगून ठेवते. जावळाला मी येत नाय. घर भरलेलं असणार, बायकांत चोळी बदलावी लागती. नको. पोरीला माझा आशीर्वाद, तुम्हा सगळ्यांनाबी.

माझ्या बिभीषणचा धंदा काय म्हणून तू मागं इचारलं व्हतं. सांगते. कापसाचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलं, आत ड्रम, टायरं, पोती रचली. लोक पैसे देऊन आत शिरत्यात, तोंडाला मुखवटा बांधत्यात अन् हवेच्या बंदुकीनं एकमेकाला हाणत्यात. लेकरं नव्हं रं, बाप्ये! मिश्यावाले! बंदुकीतून रंगाची गोळी निघती, अंगावर फुटती. ज्याच्या अंगावर रंग, तो बाद. झाला खेळ.

पण औंदा रंग धुवायला पाणी कुठून आणावं? टँकरवाला चांदपाशा गल्लीला प्यायपुरतं देतो तेच उपकार. मग बिभीषणनं सरावाच्या गोळ्या आणल्या. रबरी, मोठ्या बोराएवढ्या. फुटत नायत. मारा, गोळा करा, पुन्हा मारा. गोळा कोण करणार? मी. शिट्टी वाजली की बंदुका खाली, मग मी झाडू-बादली घेऊन आत. ओल्या फडक्यानं पुसून ठेवायच्या, धूळ राहिली तर नळीत अडकत्यात. मला कुणी लावलं नाय, मीच उठले. बसून खायला मी काय म्हसरू हाय का?

राग मला त्या गोळ्यांचा नाय, माणसांचा हाय. रंग खोटं बोलत नव्हता. रबराचा कापडावर डाग पडत नाय. म्हणून कायदा असा, ज्याला लागली त्यानं आपणहून हात वर करायचा, 'लागली' म्हणायचं अन् बाहेर यायचं. कोण करतंय सांग बरं! गळ्यात पट्टे घातलेली, कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसणारी माणसं, अन् हात वर करायला जीव जातो. परवा रविवारी असंच एक टोळकं आलं. एकाला चांगली बसली. मी दारातून वरडले,

"ए पोरा, ठप्प झालं ते मी इथून ऐकलं. कर हात वर."

"आजी, भिंतीला लागली."

"भिंत कवापासून 'आई गं' म्हणायला लागली रं?"

सगळे खिदळले. एक म्हणला, "भाऊ, आजीलाच थर्ड अंपायर करा." बिभीषणबी हसला. हसू दे. गिऱ्हाईक हसलं की परत येतं, एवढं मला कळतं.

मंग शिट्टी झाली. मी आत गेले, वाकून टायरामागच्या गोळ्या येचायला लागले. मागं तोच खोटा कुरकुरत व्हता, "भाऊ, इसमें कुछ दम नहीं. गोळी लागती का गुदगुल्या व्हत्यात?" बिभीषणनं त्याच्या हातची बंदूक घेतली. दम दाखवायला कुठं हाणली, मला काय माहीत. मी पाठमोरी. ड्रमाला हाणली असंल.

आबा गोफण शिकवायचे ते आठवतं का तुला? मेंढरू वळवायचं तर दगड त्याच्या म्होरं पडला पाहिजे, अंगावर नाय. तू एकदा काळ्या मेंढीच्या बरगडीत हाणला व्हता. आबांनी तुला जेवू दिलं नाय, अन् आपणबी जेवले नायत. आपल्या जितराबावर आपलाच दगड, म्हणले, अन्न कसं गिळंल? बिभीषणला मी हेच सांगून वाढवला. त्यानं मेंढरं इकली, मी रडले नाय. चारा नव्हता, पाणी नव्हतं, करणार काय? पण मेंढरांबरोबर शिकवणबी इकायची असती का रं?

"आई, हात वर कर!" असं त्या रविवारी मागून कुणीतरी हसत वरडलं. आता गोदामात मला आई म्हणणारा एकच हाय, बाकीचे आजी म्हणत्यात. तुला काय समजायचं ते समज.

मी हात वर केला नाय. वळून बघितलंबी नाय. गोळ्या येचत राहिले. हसणं हळूहळू बंद पडलं. बंदूक टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बादली भरली, बाहेर आणली, फडकं पिळलं अन् पुसायला बसले. घरी सून शालू हळद गरम करून घेऊन आली. म्हणलं, बाई, भाजीत घाल.

तवापासून चहा तो स्वतः आणून देतो. शेजारी ठेवतो, उभा राहतो. "आई, लागली का गं?" मी म्हणते, साखर कमी हाय. जाऊन साखर आणतो. पुन्हा उभा. लई घोटाळतो. आता मारणाऱ्यालाबी हात वर करायची सोय नाय त्या खेळात, त्याला मी काय करू?

एक काम कर. आबांची गोफण तुझ्याकडं खुंटीला हाय. इकडं येणाऱ्याच्या हातून पाठवून दे. गोदामात शिट्टी टांगत्यात त्याच खिळ्याला ती टांगायची हाय. गिऱ्हाईक इचारंल, हे काय म्हणून. सांगू दे बिभीषणला, दगड कुठं टाकायचा असतो ते. त्याच्या तोंडून एकदा ऐकलं की चहाला साखर बरोबर व्हईल.

फोन करू नको, फोन तोच उचलतो. अन् लागली का म्हणून तूबी इचारू नको. मी सांगणार नाय.

भागूआक्का