मिस पेनरोझच्या हातचा सदरा

ट्रेलोवन, कॉर्नवॉल
मार्च १८१५

प्रिय क्लेमेन्सी,

‘प्रिय’ लिहून थांबले. खोडावं असं मनात आलं होतं, पण खोडलेलं तुला दिसलं असतं आणि त्यातून तू भलताच अर्थ काढला असतास, म्हणून राहू दिलं. तुझा निरोप पोचला. टिबी मंगळवारी प्लिमथहून सामानाच्या घोडागाडीत, माशांच्या पिंपांमध्ये बसून आली. कंबर धरून उतरली आणि चहा मागायच्या आधी तुझं नाव घेतलं. “बोनापार्टने बेटावरून निसटायचं आणि आमच्या पोरीने तिकडे रडायचं,” असं म्हणून तिने शाल सोडली. “नवऱ्याच्या जहाजाला हुकूम आलाय, हेस्टर. तुझ्या हातचा एक सदरा दे म्हणते. पण गुपचूप. आणि गळपट्टीवर नाव नको घालूस म्हणते.” शेवटचं वाक्य तिने स्वतःच्या बुटांकडे बघत सांगितलं. आपल्या दोघींना अंगाखांद्यावर खेळवलेली दाई ती, तुझ्यावर तिचा जरा जास्तच जीव, तरी तो निरोप देताना तिला लाज वाटली. तुला तो पाठवताना वाटली का, ते मी तिला विचारलं नाही.

बाबा बरे आहेत. खोकला आहे, पण रविवारचं प्रवचन काही आखूड होत नाही. तू नवऱ्याची काळजी करतेस हे ऐकून त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, की क्लेमीसाठी लागेल ते कर, तिला तुझ्याशिवाय कोण आहे. आपल्या बाबांना कशाचाच पत्ता नसतो आणि तसंच असलेलं बरं.

आईकडच्या बायकांच्या हातगुणाचं तुला मी काय सांगायचं? आईच्या हातचं अंगावर असलं की माणूस बुडत नसे, तलवारीचा घाव वरच्यावर जात असे. फार मोठी जादू नव्हे ती. पलीकडच्या गावातल्या बायका नुसत्या नजरेने दूध नासवतात, त्यातलीच एक घरगुती गोष्ट. तो गुण माझ्या बोटांत उतरला, तुझ्या नाही. तुझ्या वाट्याला आईचे डोळे आले, केस आले, आणि तू खोलीत शिरलीस की पुरुषांनी धडपडत खुर्च्या सरकवाव्यात असं काहीतरी आलं. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. तुला मात्र माझ्या एकाच गोष्टीचा हेवा होता. लोक मला ‘मिस पेनरोझ’ म्हणायचे आणि तुला नुसतं ‘मिस क्लेमेन्सी’. थोरली बिनलग्नाची घरात आहे तोवर धाकटीला नुसतं आडनाव लावायचं नाही, हा साऱ्या इंग्लंडचा रिवाज. पण जणू तो मीच काढलाय अशी तू माझ्यावर फुगून बसायचीस. थोरली परगावी गेली की तेवढ्यापुरती धाकटी मिस पेनरोझ होते, म्हणून मी पेटी भरायला घेतली रे घेतली की तुझी पावलं नाचायला लागायची. मग बाबा म्हणायचे, हेस्टर निघाली, आता क्लेमीचा राज्याभिषेक. आणि आपण सगळेच हसायचो.

त्या कडाक्याच्या हिवाळ्यात गावातल्या बायकांनी आरमारासाठी सदरे शिवले होते, आठवतं? प्रत्येकीने गळपट्टीवर आपलं नाव घालायचं, म्हणजे खलाशी सदरा चढवताना ते नाव घेऊन देव तिचं भलं करो म्हणतात. मी रीतीप्रमाणे ‘मिस पेनरोझ’ घातलं. शिवताना मला बोलायची सवय. त्या सदऱ्यावर मी आपल्या बागेतल्या सफरचंदांची नावं म्हणत बसायचे: मेंढीचं नाक, लाल म्हातारी, ढिला कंबरपट्टा, पाद्र्याची टोपी. तो कुणाच्या अंगावर जाणार ते ठाऊक नव्हतं. इथे एवढं गारठतंय तर तिकडे समुद्रावर त्या माणसाचं काय होत असेल, एवढंच मनात यायचं. मग ऑगस्टा आत्या आजारी पडली आणि मी बाथ शहरात तिच्या उशाशी जाऊन बसले. तिथे तुझी चिठ्ठी आली, की एक कॅप्टन सेलबी आले, त्यांनी मागणी घातली आणि बाबांनी हो म्हटलं. मी आत्याच्या खोलीत एकटीच गिरकी घेतली. आत्या म्हणाली, लग्न बहिणीचं आणि पाय तुझे का थरकतायत?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचले. सकाळी चर्चमधून परतून सगळे न्याहारीला बसलो, तेव्हा तुझा नवरा माझ्या शेजारी होता. त्याने मला मिस पेनरोझ म्हणून हाक मारली आणि स्वतःच थबकला. “हे नाव आता तुमचं,” तो म्हणाला, “पण मला सवय व्हायला वेळ लागेल. समुद्रावर मी ते रोज सकाळी घेतलंय, तुमच्या बहिणीसाठी.” आणि मग त्याने सगळं सांगितलं, अगदी आनंदाने, मला हे ठाऊकच असणार अशा थाटात. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं तेव्हा अंगावरच्या सदऱ्याने त्याला बुचासारखं वर धरून ठेवलं. पहाऱ्यावर थंडीने बोटं वाकत नसत तेव्हा त्या कापडातून एक बाई हळू आवाजात सफरचंदांची नावं घ्यायची. किनाऱ्याला लागल्यावर गळपट्टीवरचं नाव विचारत विचारत तो थेट आपल्या दारात आला. दार तू उघडलंस. त्याने विचारलं, “मिस पेनरोझ?” तू म्हणालीस, “मीच.” मग त्याने तुझे दोन्ही हात हातात घेतले, या हातांनी मला जिवंत ठेवलं म्हणाला, आणि तू ते हात काढून घेतले नाहीस.

त्याने टेबलापलीकडून तुला सांगितलं, एकदा ती नावं म्हण ना, हेस्टरसमोर म्हण. तू हसून म्हणालीस, “लग्नाच्या दिवशी कुणी सफरचंदं मोजतं का?” आणि त्याच्यापुढे मांसाची थाळी सरकवलीस. मी तुझ्याकडे पाहिलं. तू थाळीकडे पाहत होतीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला, आणि वर तुमचा केक कापून पाहुण्यांना वाटला.

एक शब्दही तू खोटा बोलली नाहीस, क्लेमेन्सी. मी बाथला होते, म्हणजे त्या दिवशी मिस पेनरोझ तूच होतीस. न्यायाधीशासमोर उभं केलं असतं तरी सुटली असतीस. म्हणूनच ते इतकं झोंबलं. खोटं बोलली असतीस तर वाटलं असतं, घाबरली पोर, बोलून गेली. पण तू रिवाजाच्या आडून, केसाने गळा कापलास, आणि तोही आईच्या माघारी जिने तुझी वेणी घातली तिचा. मला तो आवडला, हे आता लिहून टाकते. त्याला पाहिल्यावर नव्हे, माझी सफरचंदं तो ओळीने म्हणून दाखवत होता तेव्हा. त्याने माझ्याशी लग्न केलं असतं की नाही, देव जाणे. मला बघून कदाचित सदऱ्याचे आभार मानून, टोपी उचलून निघूनही गेला असता. पण ते त्याला ठरवू द्यायचं होतंस.

मी तेव्हा गप्प राहिले, कारण लग्न लागून गेलं होतं. बोलून तुमच्या दोघांचा संसार मोडला असता आणि मला काही मिळालं नसतं. पण गप्प बसले म्हणजे विसरले असं तू धरलंस. गेल्या साली तो अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघाला तेव्हा तू चार दिवस इथे आलीस, आणि तू गेल्यावर माझ्या टोपलीतला गळ्याचा रुमाल नाहीसा झाला. मी मांजराला बोल लावला. तो तू आपल्या हातचा म्हणून त्याच्या गळ्यात बांधलास, हे मला आत्ता टिबीकडून कळतंय. तो खांद्यात लाकडाची ढलपी घुसून, तापाने अर्धा होऊन परत आला. आणि तुझं म्हणणं काय, तर हेस्टरचा हात उतरलाय, या वेळी मनापासून शीव म्हणावं. हे ऐकून मी हसायला लागले. माझं हसू थांबेना, तेव्हा टिबी घाबरून पाणी घेऊन आली.

सदरा याच्यासोबत पाठवतेय. मनापासूनच शिवलाय. शिवायला बसताना तुझा एवढा राग आला होता की सुई दोनदा मोडली, पण त्याच्यासाठी शिवताना हात आपोआप शांत होतो, त्याला माझा इलाज नाही. आई गेली तेव्हा तू लहान होतीस, म्हणून एक गोष्ट तिने फक्त मला सांगितली. गुण नुसत्या टाक्यात नसतो. घालणाऱ्याने कापड अंगावर चढवताना शिवणारीचं नाव घ्यावं लागतं, आणि घेताना मनात तीच असावी लागते. पहिला सदरा घालताना ‘मिस पेनरोझ’ म्हणजे त्याच्यासाठी जिने तो शिवला ती बाई, दुसरी कोणी त्याला माहीतच नव्हती. रुमाल बांधताना त्याने तुझं नाव घेतलं, आणि त्या रुमालात तुझा एकही टाका नव्हता. आता नुसतं मिस पेनरोझ म्हणूनही भागणार नाही, त्या नावाला तू तुझा चेहरा लावून ठेवलास. म्हणून गळपट्टीवर मी ‘हेस्टर’ घातलंय. कात्री तुझ्याकडे आहे. ते नाव उसवलंस तर त्याच्याकडे एक चांगल्या कापडाचा सदरा राहील, बाकी काही नाही. नाही तर त्याला जवळ बसवून सगळं खरं सांग. त्यानंतर तो तुझ्याकडे पूर्वीसारखा पाहणार नाही कदाचित, पण पाहायला जिवंत असेल. ही अट मी घातलेली असती तर मी ती केव्हाच मोडली असती, क्लेमी. तुझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. त्याने तुझ्या नावाने घातला आणि परत आला, तरी मला चाललं असतं. पण ती आईची आहे, तिच्या आईची आहे, माझ्या हातात नाही. टिबी उद्याच्या गाडीने निघतेय. जहाज कधी सुटणार ते तुलाच ठाऊक.

तुझीच,
हेस्टर